मृत्यूच्या नोंदी आणि प्रदेशाचे कल्याण : भंडारा-गोंदिया परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

एखाद्या प्रदेशाची सामाजिक व आर्थिक स्थिती मोजण्यासाठी सामान्यतः दरडोई उत्पन्न, पीकक्षेत्र, सिंचन, रस्ते, साक्षरता आणि उद्योग यांच्या आकडेवारीचा आधार घेतला जातो. इतिहासाच्या अभ्यासकापुढे मात्र येथे एक अडचण उभी राहते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या खेड्यातील शेतमजुराचे उत्पन्न किती होते, त्याच्या घरी वर्षभरात किती धान्य शिजले, हे सांगणारी कागदपत्रे जवळजवळ नाहीत. जमीनमहसुलाची कागदपत्रे आहेत, परंतु ती जमीन असणाऱ्यांविषयी बोलतात. रेल्वेने वाहिलेल्या मालाचे आकडे आहेत, परंतु ते व्यापाराविषयी बोलतात. ज्याच्याकडे जमीन नव्हती आणि विकण्यास मालही नव्हता, अशा माणसाची शासकीय कागदात हमखास होणारी नोंद एकच होती, ती म्हणजे त्याच्या मृत्यूची.

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. गोरेगाव हा त्याच्या आठ तालुक्यांपैकी एक. तलावांचा आणि धानाचा हा प्रदेश पूर्वी मध्य प्रांताचा भाग होता. या परिसरातील मृत्यूच्या नोंदींवरून लोकांच्या कल्याणाचा अंदाज कसा बांधता येईल, आणि तसे करताना कोणती सावधगिरी बाळगावी लागेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. मृत्युमान हे प्रादेशिक कल्याणाचे सर्वांत प्रामाणिक मोजमाप आहे. परंतु ज्या मृत्यूंची नोंदच झाली नाही त्यांचा विचार केला तरच ते प्रामाणिक राहते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

मृत्युमान हे मोजमाप का ?

मृत्यूच्या नोंदींवरून समाजाची स्थिती वाचण्याची परंपरा जुनी आहे. लंडनमधील जॉन ग्रॉन्ट याने १६६२ मध्ये तेथील साप्ताहिक मृत्युपत्रकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १८४२ मध्ये एडविन चॅडविक याने ब्रिटनमधील श्रमिकांच्या आरोग्यविषयक स्थितीचा अहवाल सादर केला. त्यात मँचेस्टरमधील मजूर कुटुंबांतील मृतांचे सरासरी वय १७ वर्षे, तर रटलँड या ग्रामीण परगण्यातील मजूर कुटुंबांतील मृतांचे सरासरी वय ३८ वर्षे आढळले. मँचेस्टरमधील मजुरी रटलँडपेक्षा कितीतरी अधिक होती. मजुरीच्या आकड्यावरून मँचेस्टर पुढारलेले दिसते. मृत्यूच्या आकड्यावरून चित्र उलटते. मृतांच्या सरासरी वयावर लोकसंख्येतील बालकांच्या प्रमाणाचाही परिणाम होतो, त्यामुळे चॅडविकची पद्धत सदोष होती आणि त्याच्या समकालीनांनी तिच्यावर आक्षेपही घेतले. तरीही, अधिक मजुरी म्हणजे अधिक चांगले जीवन हे समीकरण आपोआप सिद्ध होत नाही, हा त्यातील बोध टिकून राहिला.

अमर्त्य सेन यांनी १९९८ मध्ये 'द इकॉनॉमिक जर्नल'मधील निबंधात मृत्युमानाकडे आर्थिक यशापयशाचा निर्देशक म्हणून पाहावे, असे प्रतिपादन केले. त्यांच्या युक्तिवादाची तीन अंगे आहेत. पहिले म्हणजे जगणे हेच माणसाला मोलाचे वाटते. दुसरे म्हणजे अन्य कोणतीही गोष्ट साध्य करावयाची तर प्रथम जिवंत असावे लागते. तिसरे म्हणजे अन्न, आरोग्यसेवा, शिक्षण, स्त्रियांचे स्थान यांसारख्या अनेक गोष्टींची स्थिती मृत्युमानात प्रतिबिंबित होते. ब्रिटनमधील आयुर्मानाचे त्यांनी दिलेले उदाहरण विशेष लक्षणीय आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील आयुर्मान सर्वाधिक वाढले ते १९११-२१ आणि १९४०-५१ या महायुद्धांच्या कालखंडांत. अन्य दशकांत एक ते चार वर्षांची वाढ होत असताना या दोन कालखंडांत ती साडेसहा ते सात वर्षांच्या घरात गेली. युद्धकाळात एकूण अन्नपुरवठ्यावर ताण होता. परंतु नियंत्रित वाटपामुळे आणि सार्वजनिक सेवांच्या विस्तारामुळे उपलब्ध अन्न व उपचार गरिबांपर्यंत पोहोचले. उत्पादनाच्या आकड्यांत न दिसणारी वाटपाची बाजू मृत्यूच्या आकड्यांत दिसते, हा इतिहासाच्या अभ्यासकासाठी महत्त्वाचा मुद्दा आहे.

कोतवालाची नोंद

मध्य प्रांतातील खेड्यांत जन्म व मृत्यूची खबर पोलीस ठाण्यावर देण्याची जबाबदारी कोतवालाकडे असे. हा गावाचा सर्वांत कनिष्ठ सेवक. कित्येक गावी तो महार किंवा तत्सम अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील असे आणि बहुधा निरक्षर असे. तो तोंडी खबर देई आणि लिहिणारा ती लिहून घेई. या नोंदी एकत्र होऊन जिल्हा आणि प्रांत पातळीवरील आरोग्य अहवालांत जात. ज्या दप्तरावरून साम्राज्याचे आरोग्यशास्त्र उभे राहिले, त्याचा पाया गावकुसाबाहेर राहणाऱ्या एका माणसाच्या स्मरणशक्तीवर आणि पायपिटीवर आधारलेला होता.

या व्यवस्थेचे दोष उघड आहेत. मृत्यूच्या कारणांचे रकाने मोजके होते : पटकी, देवी, प्लेग, ताप, अतिसार, श्वसनविकार, अपघात आणि अन्य. वैद्याने न पाहिलेला बहुतेक मृत्यू 'ताप' या रकान्यात जाई. हिवताप, विषमज्वर, क्षय, बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग आणि उपासमारीने क्षीण झालेल्या देहाचा शेवटचा आजार हे सर्व त्या एका शब्दात सामावले. 'उपासमार' असा रकाना नव्हता. म्हणून कारणांच्या रकान्यापेक्षा मृत्यूंची संख्या, महिना आणि वय या बाबी अभ्यासकाला अधिक विश्वासार्ह वाटतात.

दुष्काळाचे दशक : १८९१ ते १९०१

१८९१ ते १९०१ या दशकात मध्य प्रांताची लोकसंख्या ८.३ टक्क्यांनी घटली. भंडारा जिल्ह्यातील घट त्याहून मोठी होती. १९०१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ६,६३,०६२ भरली. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत ती सुमारे ११ टक्क्यांनी कमी होती. याचा अर्थ जिल्ह्यात जवळजवळ ८० हजार माणसे कमी झाली.

याच काळातील 'प्रगती'चे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. १८८० च्या दशकात नागपूर-राजनांदगाव रेल्वेमार्ग गोंदियावरून गेला. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन मोठ्या मापाचा केला आणि या धानपट्ट्याचा दूरच्या बाजारपेठांशी संबंध जुळला. व्यापार वाढला, जमिनीच्या किमती वाढल्या. केवळ या आकड्यांवरून पाहिले तर १८९० चे दशक भरभराटीचे मानावे लागेल. जनगणना मात्र सांगते की या भरभराटीच्या दशकात दर नऊ माणसांमागे एक माणूस कमी झाला. रेल्वे धान्य आणू शकते तसे नेऊही शकते. ते कोणत्या दिशेने जाईल हे कोणाच्या हाती पैसा आहे यावर ठरते. धान पिकविणाऱ्या प्रदेशातील मजुराजवळ धान विकत घेण्याइतकी मजुरी नसेल, तर बाजाराची जवळीक त्याला वाचवीत नाही.

१८९६ मध्ये पावसाने मुदतीपूर्वीच पाठ फिरविली आणि धानाचे पीक गेले. आधीची दोन-तीन वर्षेही प्रांताला चांगली गेली नव्हती. १८९७ मध्ये मध्य प्रांताचा नोंदलेला मृत्युदर हजारी ६९ च्या आसपास गेला. तो सामान्य वर्षांच्या जवळजवळ दुप्पट होता. १८९९ मध्ये पाऊस आणखी व्यापक प्रमाणावर हुकला. विक्रम संवत १९५६ मधील हा 'छप्पन्नचा दुष्काळ' पिकाच्या दृष्टीने आधीच्यापेक्षा भीषण होता. तथापि १८९७ च्या अनुभवामुळे या वेळी मध्य प्रांतात मदतकामे लवकर आणि अधिक सढळपणे सुरू झाली. १९०० च्या जुलैमध्ये प्रांतात वीस लाखांहून अधिक लोक मदतीवर होते. पिकाच्या हानीच्या प्रमाणात मृत्यू वाढले नाहीत. पीक आणि मृत्यू यांच्यामध्ये शासनाचा निर्णय असतो, हे या दोन दुष्काळांच्या तुलनेतून दिसते. केवळ पर्जन्यमानाचा किंवा पिकाचा अभ्यास करून हे कळले नसते.

अरूप महारत्न आणि टिम डायसन यांच्या दुष्काळविषयक संशोधनातून आणखी एक गोष्ट पुढे आली आहे. भारतातील दुष्काळांत मृत्यूंची सर्वोच्च पातळी पुष्कळदा पाऊस परतल्यानंतर, म्हणजे दुष्काळ 'संपला' असे मानले जात असताना आढळते. क्षीण झालेल्या लोकांवर पावसाळ्यानंतरचा हिवताप तुटून पडे. मदतकामे बंद करण्याचा आणि मृत्यू वाढण्याचा काळ यांत म्हणूनच विलक्षण जवळीक दिसते. मासिक मृत्युसंख्या हाती नसेल तर हे ध्यानात येत नाही.

येथे एक सावधगिरीही नमूद केली पाहिजे. जनगणनेतील ८० हजारांची घट म्हणजे ८० हजार दुष्काळी मृत्यू नव्हेत. त्यात न झालेले जन्म आहेत, कारण उपासमारीच्या काळात गर्भधारणा घटते. त्यात वऱ्हाड, आसामचे चहामळे इत्यादी ठिकाणी गेलेली माणसे आहेत. दुसरीकडे, दशकाच्या पूर्वार्धातील नैसर्गिक वाढ दुष्काळाने पुसून टाकली असल्याने प्रत्यक्ष हानी या आकड्यापेक्षा अधिकही असू शकते. घट, मृत्यू, जन्म आणि स्थलांतर यांची वेगवेगळी मांडणी केल्याशिवाय निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

१९१८ : नोंदणीच कोसळते तेव्हा

१९१८ च्या इन्फ्ल्युएंझा साथीने भारतात किती माणसे दगावली याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. किंग्सले डेव्हिस यांनी सुमारे १ कोटी ८५ लाख, मिल्स यांनी १९८६ मध्ये १ कोटी ७० ते ८० लाख, तर सिद्धार्थ चंद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ब्रिटिश अमलाखालील जिल्ह्यांसाठी १ कोटी ३८ लाखांच्या आसपास असा अंदाज मांडला. मध्य प्रांत व वऱ्हाड हा सर्वाधिक झळ बसलेल्या भागांपैकी होता. साथीची दुसरी लाट मुंबईहून रेल्वेमार्गांनी पसरली आणि या बाजूस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिगेस पोहोचली. त्याच वर्षी पाऊसही हुकला होता आणि महागाई होती. १९११ ते १९२१ या दशकात भारताची एकूण लोकसंख्या किंचित घटली. १८८१ पासूनच्या जनगणनांत असे एकदाच घडले.

अंदाजांत इतका फरक पडण्याचे कारण नोंदणीच्या स्वरूपात आहे. साथीच्या दिवसांत खबर देणारा कोतवालही आजारी पडला किंवा मेला. घरेच्या घरे आडवी झाली असता ठाण्यापर्यंत कोण जाणार ? म्हणूनच अभ्यासकांनी थेट नोंदींवर विसंबून न राहता दोन जनगणनांमधील तूट किंवा सामान्य वर्षांच्या तुलनेतील 'अतिरिक्त मृत्यू' मोजण्याचा मार्ग घेतला. संकट जितके मोठे तितकी नोंद अपुरी, हा नियम या भागाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये. एखाद्या गावाच्या वहीत ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१८ मध्ये मृत्यू नसतील, तर ते गाव सुदैवी होते असे मानण्यापूर्वी ती वही लिहिली जात होती काय, हे पाहावे लागेल.

न नोंदलेला मृत्यू : अलीकडचा अनुभव

ही समस्या वसाहतकाळाबरोबर संपली नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ मध्ये झाला व १९७० पासून अंमलात आला. नोंदणी कायद्याने सक्तीची झाली. त्याच सुमारास नमुना नोंदणी पद्धती देशभर सुरू झाली. तिच्या आधारे २०२० मध्ये भारताचा अर्भकमृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे २८, महाराष्ट्राचा १६, केरळचा ६ आणि शेजारच्या मध्य प्रदेशाचा ४३ असा होता. परंतु हा नमुना राज्य पातळीवरील अंदाजासाठी आखलेला आहे. महाराष्ट्राच्या १६ या आकड्यात मुंबई-पुण्याची रुग्णालये आणि देवरी-सालेकसा भागातील जंगलपट्टीची गावे एकत्र मिसळलेली आहेत. तालुक्याचे वास्तव त्यातून काढता येत नाही.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील अनुभव या संदर्भात मोलाचा आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातीलच आरोग्यदूतांमार्फत प्रत्येक जन्म व बालमृत्यूची नोंद ठेवली. ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग झाला आणि तेथील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ पर्यंत खाली आला. 'लॅन्सेट' या नियतकालिकात १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे महाराष्ट्रातील स्वयंसेवी संस्थांच्या संयुक्त अभ्यासातून आलेल्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने राज्यातील बालमृत्यू शासकीय नोंदींपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर शासनाला बालमृत्यू मूल्यमापनासाठी समिती नेमावी लागली. येथे मोजणी हा उपचाराचा पहिला टप्पा ठरला.

सर्पदंशाचे उदाहरण धानपट्ट्याच्या अधिक जवळचे आहे. घरोघरी जाऊन मृत्यूचे कारण विचारणाऱ्या देशव्यापी अभ्यासाने २००५ मध्ये भारतात सर्पदंशाने सुमारे ४६ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज २०११ मध्ये मांडला. तत्कालीन शासकीय आकडे याच्या एका लहानशा अंशाइतकेच होते, कारण ते मुख्यत्वे रुग्णालयांतील नोंदींवर आधारलेले होते. बांधीत रोवणी करताना साप चावलेली मजूर स्त्री रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच दगावली, तर ती त्या आकड्यात येत नाही. देशात नोंदणी झालेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेल्या मृत्यूंचे प्रमाण २०२० मध्येही २२-२३ टक्क्यांच्या घरातच होते. कोतवालाचा 'ताप' हा रकाना पूर्णपणे इतिहासजमा झालेला नाही.

कोविड काळाने हाच प्रश्न साऱ्या देशापुढे आणला. नागरी नोंदणीनुसार २०२० मध्ये देशात सुमारे ८१ लाख आणि २०२१ मध्ये सुमारे १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले. एका वर्षात वीस लाखांहून अधिक वाढ आणि कोविडमुळे झालेल्या मृत्यूंचा अधिकृत आकडा यांची तुलना करताच 'अतिरिक्त मृत्यू' ही संकल्पना पुन्हा चर्चेत आली. १९१८ चा अभ्यास करताना वापरलेली पद्धतच शतकानंतर वर्तमानाला लागू करावी लागली.

अपुऱ्या नोंदणीचा एक गंभीर परिणाम असा की कागदावर मागास प्रदेश निरोगी दिसू शकतो. ज्या गावी रस्ता आहे, उपकेंद्र आहे, शिकलेली माणसे आहेत, तेथे मृत्यू नोंदला जातो. जेथे यांपैकी काही नाही तेथे मृत्यू अधिक होतात आणि नोंदी कमी होतात. अशा वेळी न तपासलेल्या आकड्यांवरून निधीचे वाटप झाले, तर गरजू गावालाच गरज नसल्याचे प्रमाणपत्र मिळते. म्हणून नोंदणीची अपूर्णता हा केवळ तांत्रिक दोष न मानता तिलाही वंचिततेचा एक निर्देशक मानले पाहिजे.

कोतवाल बुक : हाताशी असलेले साधन

विदर्भातील तहसील कार्यालयांच्या अभिलेखागारांत जुन्या कोतवाल पंज्या, म्हणजे लोकभाषेत 'कोतवाल बुक', आजही सांभाळलेल्या आहेत. जन्म-मृत्यूच्या नोंदीबरोबर जातीचाही उल्लेख असल्याने जात पडताळणीसाठी त्यांच्या नकला मोठ्या प्रमाणावर मागितल्या जातात. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना १९५० पूर्वीचा पुरावा लागतो आणि तो पुष्कळदा याच वह्यांत सापडतो. एका नावासाठी ही पाने रोज उलटली जातात. त्यांतील सर्व नावे एकत्र मोजण्याचे काम मात्र अभ्यासकांनी अद्याप पुरेसे हाती घेतलेले नाही.

या साधनाचा एक मोठा लाभ आहे. मृत्युदर काढण्यासाठी गावाची लोकसंख्या माहीत असावी लागते. अर्भकमृत्युदरासाठी तिची गरज नाही, कारण जन्म आणि अर्भकांचे मृत्यू दोन्ही त्याच वहीत असतात. वहीत जातीची नोंद असल्याने मालगुजार-शेतकरी आणि भूमिहीन समाज यांच्यातील जगण्या-मरण्याची तफावतही मोजता येईल. प्रादेशिक सरासरीच्या आत दडलेली विषमता उघड करणारे असे साधन दुर्मिळ आहे.

पद्धतीविषयी तीन पथ्ये पाळावी लागतील. पहिले, लहान गावाचा वार्षिक दर अर्थपूर्ण नसतो. वर्षाला वीस जन्म होणाऱ्या गावात एका अर्भकाच्या मृत्यूने दर हजारी ५० ने बदलतो. त्यासाठी वीस-पंचवीस गावे आणि पाच-पाच वर्षांचे गट एकत्र घ्यावेत. दुसरे, नोंदीची पूर्णता तपासावी. जन्मतः मुलींच्या तुलनेत मुलांचे प्रमाण सामान्यतः शंभरास १०५ च्या आसपास असते. एखाद्या वहीत ते १३० असेल तर मुलींचे जन्म लिहिले गेलेले नाहीत. जन्मल्यावर लगेच दगावलेल्या अर्भकाचा जन्म आणि मृत्यू दोन्ही सुटण्याची शक्यता गृहीत धरावी. तिसरे, मृत्यूंच्या मासिक वितरणाची मागील पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करावी. कारणाच्या रकान्यापेक्षा ऋतुमान अधिक सांगून जाते.

अन्य निर्देशकांशी मेळ घालतानाही विवेक हवा. गोंदिया जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण ९९० च्या वर होते; राज्यात ते ९२९ होते. सेन यांनी 'नाहीशा झालेल्या स्त्रियां'चा जो प्रश्न मांडला, त्याच्या प्रकाशात ही स्थिती समाधानकारक वाटते आणि काही अंशी ती तशी आहेही. परंतु कामासाठी बाहेर गेलेल्या पुरुषांमुळेही हे प्रमाण वाढते. स्त्री-पुरुषांचे वयोगटानुसार मृत्युदर हाती आल्याखेरीज या दोन कारणांतील वाटा ठरविता येणार नाही.

समारोप

भंडारा-गोंदिया परिसराच्या इतिहासात मालगुजार, तलाव, रेल्वे आणि धानाचा व्यापार यांचे उल्लेख विपुल आहेत. त्या इतिहासाला मृत्यूच्या नोंदींची जोड दिल्यास विकासाचे अनेक रूढ निष्कर्ष तपासून घ्यावे लागतात. रेल्वे आल्यानंतरच्या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या घटली. अधिक भीषण अवर्षणात सढळ मदतीमुळे मृत्यूंना आळा बसला. आणि मोठ्या आपत्तीत नोंदणीच कोलमडली. या तिन्ही गोष्टींतून असे दिसते की लोकांचे कल्याण उत्पादनाइतकेच वाटपावर, मजुरीवर आणि शासनाच्या तत्परतेवर अवलंबून असते.

ग्रामीण भागातील महाविद्यालयांना या कामात विशेष भूमिका आहे. इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल व संख्याशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन, सक्षम अधिकाऱ्यांच्या परवानगीने आणि व्यक्तींची नावे गोपनीय ठेवून, एकेका तालुक्यातील कोतवाल पंज्यांचे संगणकीय संकलन केल्यास स्थानिक इतिहासाचे भक्कम साधन उभे राहील. विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी आपल्या आजोबा-पणजोबांची नोंद शोधण्यासाठी या वह्या पाहिलेल्याच आहेत. या वह्यांचा कागद जीर्ण होत चालला आहे. पाने तुकडे होऊन गळण्यापूर्वी हे काम होणे अगत्याचे आहे. ज्यांच्याविषयी अन्य कोणतेही दप्तर बोलत नाही, त्यांच्या जगण्याचा पुरावा त्या पानांवर आहे.